काठोकाठ पातेलं

आमच्या दादाला जीप चालवायची हौस नव्हतीच कधी, त्याला ती दुरुस्त करायची हौस होती. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही. तोंडावर शंभरदा बोलले आहे, आणि शंभरदा त्याने दातांत धरलेला पाना काढून "बरं बरं, तो हातोडा दे" एवढंच उत्तर दिलंय. दोन्ही हात कामात असले की पाना दातांत धरायची त्याला खोड होती, म्हणून सगळी गल्ली त्याला 'पाना' म्हणायची. मी त्याची धाकटी बहीण. भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे त्याच्या ठोकाठोकीने माझ्या फळीवरची भांडी अर्धं आयुष्य नाचत आली आहेत.

दादा दगडखाणीवर ड्रायव्हर होता. इंजिनाची ओढ चारी चाकांना देणारी ती जीप खाणीच्या साहेबांना डोंगरावर न्यायची. पुढे नवी गाडी आली आणि ही भंगारात निघाली. दादाने ती भंगाराच्या भावात उचलली आणि ट्रॅक्टरला बांधून ओढत दारात आणली. इंजिन जाम, बॉनेट दोरीने बांधलेलं, आणि तळाला एवढं भोक की पाय सोडला तर थेट रस्त्यावर. वहिनी दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "आणा हो आणा! माझ्या उरावर सवतच आणून बसवा!" त्या दिवसापासून तिने जीपला सवत म्हटलं ते कायमचंच. पाहुणा आला की सांगायची, "हे आत नाहीत, सवतीच्या पोटाखाली निजलेत."

पगार बेताचा, आणि मूलबाळ नसलं तरी खर्च काही चुकत नाहीत. त्यामुळे नवा पार्ट म्हणून दादाने कधी घेतला नाही. रेडिएटर एका टेम्पोचा, स्टिअरिंग कुठल्याशा मेलेल्या ट्रकचं, आरसा तर मोटारसायकलचा. इंजिनाची पॅकिंगं तो पुठ्ठ्यातून कात्रीने कापायचा आणि जुन्या टायरचे तुकडे कोरून रबरं बनवायचा. एक ना धड भाराभर चिंध्या! पण चालायची हं, ते मी कबूल करते. वरचं कापडी छत वहिनीने आपल्या शिलाई मशीनवर शिवलं होतं. सुया मोडल्या म्हणून सवतीला शिव्या देत शिवलं, पण एक टाका वाकडा नाही. दादा गाडीखाली असला की बॅटरी धरून तीच बसायची आणि मधूनच मुद्दाम उजेड भलतीकडे पाडायची, तो ओरडेपर्यंत.

मग वहिनीची पाठ दुखायला लागली. आधी आम्ही म्हटलं, वय झालं. पण डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून सांगितलं की हाडं आतून पोकळ होत चालली आहेत, मणक्याला जपा, एखादा जोराचा धक्का बसला तर कमरेखालचं सगळं लुळं पडेल. वहिनी ते ऐकून "बरं" म्हणाली. दादाने मात्र घरी येऊन पहिल्यांदा पलंगाचे पाय हलतात का ते पाहिलं.

आता घोडं अडलं होतं ते इथे. वहिनीची थोरली बहीण, माई, डोंगराच्या वर एकटी राहायची. आई लवकर गेल्यावर माईनेच वहिनीला लहानाची मोठी केली होती. माईचे डोळे जात चालले होते. वर फोन लागत नाही. वरचा दूधवाला आठवड्यातून एकदा पायी खाली यायचा, त्याच्याबरोबर तिचा निरोप यायचा: "आहे तेवढ्या नजरेत तुझा चेहरा बघायचाय. नंतर आलीस तर हाताने चाचपावा लागेल." तिला खाली आणायची सोय नव्हती, दोन्ही खुबे धरलेले. आणि वर जायचा रस्ता म्हणजे खाणीचाच जुना रस्ता. खाण बंद पडल्यापासून त्याची पार चाळण झालेली. त्यावर जाऊ शकेल अशी एकच गाडी आमच्या ओळखीत होती, ती म्हणजे सवत. आणि सवत म्हणजे हाडं खिळखिळी करणारं धूड.

"चार माणसं खुर्चीत बसवून उचलून नेतील की," मी म्हटलं.

"आणि एकाचा पाय घसरला म्हणजे?" दादा म्हणाला. "मी नेईन. गाडी मऊ करतो आणि नेतो."

झालं. दादाने जीप खोलायला काढली. गाडी लवावी म्हणून चाकांवरच्या कमानीचे लोखंडी पाटे एकेक करून कमी केले. मग गाडी बसकी झाली म्हणून दुसऱ्या गाडीचे लांब पाटे शोधत भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. धक्के गिळणारे शॉकअप एका मोडीत निघालेल्या रुग्णवाहिकेचे बसवले. आजारी माणसं वाहून त्यांना सवय असेल, असं त्याने मला गंभीर तोंडाने सांगितलं. वहिनीच्या सीटखाली स्प्रिंगा घातल्या, वर जाड फोम घातला, वहिनीने त्याला खोळ शिवली. पाठीला जपत घरात बसून बसून तिला आता मशीनवर दम लागायचा.

आणि या सगळ्याची परीक्षा कशी? तर वहिनीच्या सीटवर एक पातेलं ठेवायचं, काठोकाठ पाण्याने भरलेलं, आणि खाणीच्या पायथ्याच्या खड्ड्यांतून फिरवून आणायचं. सीट ओली झाली तर गाडी नापास! साहेबांच्या काळात दादा असाच चहाचा पेला समोर ठेवून चालवायचा म्हणे, न सांडता. गाडी परत आली की वहिनी काठी टेकत यायची, सीटवर हात फिरवायची. "ओली आहे हो," म्हणायची, आणि दादा पुन्हा गाडीखाली शिरायचा.

मला राग यायचा. "अरे शहाण्या, काठोकाठ कशाला? निम्मं भर. ती काय काठोकाठ भरलेली आहे?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळतंय तेच कळतंय! असं पाणी घरात पलंगावर ठेवलंस तरी सांडेल!"

पण पालथ्या घड्यावर पाणी. एक सुधारलं की दुसरं खटकायचं. पुढचं मऊ झालं की मागचं उडायचं. मागचं बसलं की स्टिअरिंग थरथरायचं. तो वाळायला लागला, हातांच्या भेगांत ग्रीस कायमचं बसलं. त्याला वहिनीला न्यायचं नव्हतं असं कुणी म्हणेल तर मी त्याचं थोबाड फोडीन. त्याला न्यायचंच होतं. पण आपल्या हाताने चालवलेल्या गाडीत आपल्या बायकोचा कणा मोडेल, या भीतीने त्याला आतून पोखरलं होतं. खड्डा दिसला की त्याला खड्डा दिसायचा नाही, तीच दिसायची.

एके सकाळी तो चाचणी घेऊन परत आला आणि सीट खडखडीत कोरडी! वहिनीने दोनदा हात फिरवला. "कोरडी आहे," ती म्हणाली, "आता काही बोलू नका." दादाचा चेहरा असा फुलला की मला लग्नातला दादा आठवला. नेमका दूधवाला त्याच दिवशी खाली आला होता. वहिनीने लगेच निरोप धाडला: उद्या येतोय. मी तिची पिशवी भरायला बसले. माईसाठी तिने लोकरीची शाल काढली, पुन्हा घडी घातली, पुन्हा काढली.

दुपारी दादा पातेलं उचलायला गेला आणि तिथेच थबकला. "पाणी एवढं कमी कसं?" तो म्हणाला. "सीट कोरडी, आणि पातेलं चार बोटं रिकामं? पाणी काय गाडीने प्यायलं?"

वहिनीने तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं खोकतेय. हसत होती! सकाळी दादा किल्ली आणायला आत गेला तेव्हा तिने पातेलं वाकडं करून दोन पेले पाणी कुंडीत ओतलं होतं. मी पण हसायला लागले, आवरेचना. हसता हसता पाहिलं तर वहिनी रडत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला वर मला न्यायचंय की पाणी न्यायचंय?"

दादाने पातेलं खाली ठेवलं.

"मोडलं हाड तर मोडू दे. माईच्या अंगणात मोडू दे. तिची नजर थांबणार आहे का तुमच्या पाट्यांसाठी?"

"थोडंच राहिलंय गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की भांडायलाही जीव होईना. "मागचे पाटे तेवढे बदलतो. मग नक्की."

दुसऱ्या दिवशी निघणं झालं नाही. दूधवाला तर निरोप घेऊन वर पोचलाही होता. वहिनी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी भरलेली पिशवी सोडू का विचारलं, तर नको म्हणाली.

दादाने मागचे पाटे बदलले. खरंच चांगले मिळाले होते. ते बसवून तो खाणीकडे गेला आणि परत आला तो ओरडतच आला. सीट कोरडी, पातेलं भरलेलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण त्या आठवड्यात, निघायच्या आधीच, वहिनीला ताप भरला, छातीत कफ झाला, आणि औषधं लागू पडली नाहीत. मणक्याचं काही झालं नाही हो! पाठ जशी होती तशीच होती. ज्याला आम्ही सगळे भ्यालो त्याने तिला हातही लावला नाही. पलंगावर, मऊ गादीवर, दादाचा हात हातात धरून ती गेली. मला अजून कळत नाही मी कुणावर चिडू.

सगळं आवरल्यावर दादा म्हणाला, "माईला दूधवाल्याकडून कळवायचं नाही. मी सांगणार." मी म्हटलं, मी पण येते. पुढच्या सीटवर बसायला माझा पाय उचलेना, म्हणून मी मागे बसले. वहिनीची पिशवी मांडीवर घेतली.

तो रस्ता मी लहानपणापासून ओळखते. पण त्या दिवशी जीप त्यावरून अशी गेली की मला सांगताही येत नाही. खड्डे येत होते, ते दिसत होते, आणि अंगाला काही लागत नव्हतं. दादा तर बेफाम चालवत होता, खड्डा चुकवतसुद्धा नव्हता. मला वाटत होतं, एकदा तरी आपटावी ही गाडी, एकदा तरी माझं डोकं छताला बसावं. नाही आपटली.

माईचं घर शेवटच्या वळणाच्या वर आहे. गाडीचा आवाज ऐकून ती फाटकापर्यंत आली होती. 'उद्या येतोय' हा निरोप मिळाल्यापासून ती रोज फाटकात बसते, हे आम्हाला नंतर दूधवाल्याने सांगितलं. तिचे डोळे आता फक्त उजेड-अंधार ओळखत होते. जीपच्या पत्र्याला हात लावत लावत ती पुढे आली, पुढच्या सीटच्या बाजूला थांबली आणि तिने आत हात घातला. "आलीस बाई एकदाची," ती म्हणाली, आणि सीटवर चाचपत राहिली. फोम दाबला, पाठ चाचपली, पुन्हा खाली हात नेला. "अगं, कुठेयस?"

मला उतरताच येईना. दादा उतरला, वळसा घालून तिच्याकडे गेला, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. सरळ सांगितलं, एका वाक्यात. माई खाली बसली नाही, ओरडली नाही.

मग तिने विचारलं, "इतके दिवस का नाही आणलंत तिला?"

"रस्ता फार खराब आहे, माई."

"मग आज कसे आलात?"

दादाने जीपकडे पाहिलं. मग म्हणाला, "आज जपून आणायला गाडीत कुणी नव्हतं."

मागच्या सीटवर मी होते. पण मला वाईट वाटलं नाही.