ॲप बंद पडल्याची वही

पोरांची वजनं नोंदवायचं ॲप एकदा बंद पडलं की मागे एक किस्सा ठेवून जातं. घाटंजीकडच्या आमच्या तांड्यावरच्या अंगणवाडीत ते इतके साचले, की शंभर पानी वही भरत आली. वही माझ्याकडे. मी मदतनीस, शिकले सातवी. पण अक्षर बरं आहे, एवढाच माझा गुन्हा!

वही सुरू करायला लावली सुपरवायझर मॅडमनी. "नुसतं 'बंद पडलं' लिहू नका. ॲपचे कंपनीवाले तसंच्या तसं पुन्हा बंद पाडून पाहतात, तेव्हा दुरुस्त होतं. तीन रकाने आखा. काय केलं, काय झालं, काय व्हायला पाहिजे होतं."

पहिल्याच दिवशी आमच्या सेविका कमलताईंनी तिसरा रकाना भरला : "मले दोन वाजता घरी जायले पाहिजे होतं."

मॅडमनी खोडलं. ताई म्हणाल्या, "काहून? खरं तेच तं लिवलं!"

*

मॅडम म्हणाल्या, "आधी जे जे केलं ते सगळं लिहा." मी काही सोडलं नाही. एक, खिचडी उतरवली. दोन, हात धुतले. तीन, पोराचं नाक पुसलं. चार, फोन घेतला. पाच, नाव दाबलं. बंद!

आठवड्यानं कंपनीचं उत्तर आलं : "पायरी तीन वगळून पुन्हा करून पाहा."

कमलताई म्हणाल्या, "राहू दे वं त्याचं नाक तसंच. वरून हुकूम आला!"

*

एकदा मॅडम स्वतः पाहायला आल्या. सगळ्या नोंदी सरसर झाल्या. कमलताई कपाळाला हात लावून बसल्या. "पाहुणे आले की पोट्टं शहाणं होते, तसं करून राह्यलं हे!"

मॅडमनी वहीत लिहिलं, 'दोष आढळला नाही.' त्यांची स्कूटी पुलापार गेली अन् ॲप बंद.

*

हळूहळू बाकीच्या नोंदी सुटल्या. एक सुटेना. ती माझ्या परीची. दीड वर्षाची पोर, वजन सात किलो आठशे. ते टाकलं की ॲप बंद. नोंद नाही म्हणून कमी वजनाच्या यादीत नाव नाही. यादीत नाव नाही म्हणून तपासणीला नंबर नाही.

"ताई, काही वाईट तं नसन ना?"

"अवं, मशीन होय थे! देवऋषी नाही."

तरी रोज आंघोळ घालताना तिच्या फासळ्यांवरून माझा हात फिरायचाच. कमलताई घरच्या कोंबडीचं अंडं आणून द्यायच्या. "यादी नसन तं नसन. पोट तं हाये ना पोरीले!"

*

दोन महिन्यांनी कंपनीच्या साहेबांचा फोन. "तुमची एकच केस बाकी आहे. मी लाईनवर आहे, आता करून दाखवा."

परीला काट्यावर ठेवलं. आठ किलो तीनशे! तेच टाकलं. हिरवी खूण आली.

"साहेब, झालं! घेतलं त्यानं!"

साहेब म्हणाले, "अहो ताई, बंद पडायला पाहिजे होतं. त्याशिवाय केस पुढे कशी पाठवू? तुम्ही तर सात किलो आठशे लिहिलंय."

"मग तेवढं नुसतं टाकून पाहू का?"

"छे छे, खोटी नोंद चालत नाही. वजन खरंच तेवढं पाहिजे." मग त्यांनीच विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल का?"