नर्मदाअक्काची सळई

नर्मदाअक्काइतकी संशयी बाई अख्ख्या साक्री तालुक्यात दुसरी नसेल. असलीच तर माझ्या कामावर येऊ नये, एवढंच म्हणतो. मी चुडामण मिस्तरी. तीस वर्षं घरं बांधतोय आणि तीस वर्षं ही बाई माझ्या भरावात नाक खुपसतेय!

तिचं काम धुम्मस मारायचं. जोत्यात मुरूम पसरायचा, पाणी शिंपडायचं आणि जड लोखंडी धुम्मस उचलून आपटायची, भराव दाबून घट्ट होईपर्यंत. थर अर्ध्या फुटापेक्षा जाड दिसला की अक्का हात थांबवून उभी. मार खाली पोचत नाही म्हणे. मग मुरूम मुठीत आवळून बघणार. गोळा झाला तर ठीक, विस्कटला तर कोरडा, हाताला चिखल लागला तर पाणी जास्त. ट्रॅक्टरवाल्यावर विश्वास नाही, माझ्यावर तर नाहीच. लग्नाला गेली तरी बसण्याआधी टाच आपटून जमिनीचा आवाज ऐकते. आता काय बोलावं!

त्याला कारण आहे, ते सांगतो. तरुणपणी एका ठेकेदारानं दोन फूट भराव एका दमात टाकला आणि तिच्याकडून वरवर धुम्मस मारून घेतली. वर्षभरात ओटा खचला. गावभर बोभाटा झाला, नर्मदाची धुम्मस कच्ची. दोन वर्षं तिला कोणी कामाला बोलावलं नाही. ठेकेदाराचं नावसुद्धा कोणी काढलं नाही.

गेल्या वर्षी अक्काच्या वस्तीत विहाराला लागून मुलींची अभ्यासिका बांधायला घेतली. अक्काची नात मृणाली तिथंच अभ्यासाला बसणार होती. काम माझ्याकडे. अक्का एक दिवस धुळ्याला भाचीच्या लग्नाला गेली आणि नेमका त्याच दिवशी मुरमाचा ट्रॅक्टर आला नाही. मजूर रिकामे बसलेले, माझं डोकं फिरलेलं. पाया खणून काढलेल्या ढिगातली काळी माती मी मागच्या कोपऱ्यात ढकलली, चांगली फूटभर. दुसऱ्या दिवशी अक्का यायच्या आत वर मुरूम दाबून घेतला. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, वरची फरशी फोडते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

फरशी बसवायच्या दिवशी अक्का हातभर सळई घेऊन आली. हात-हात अंतरावर टोचत निघाली. सळई दोन बोटं जायची आणि अडायची. मला वाटलं, हिला कोणीतरी सांगितलंय. मजुरांची तोंडं बघितली, एकेकाचा संशय आला. ती मागच्या कोपऱ्याकडे वळली तशी मीच म्हणालो, "अक्का, चहा घेऊ आधी."

तिनं माझ्याकडे बघितलं. मेलो! चहाचं नाव काढायला नको होतं.

कोपऱ्यात तिनं सगळा भार टाकून सळई दाबली. वीतभर अडखळली आणि मग सरसर आत गेली. बाहेर काढली तर टोक काळं. तिनं ते बोटानं पुसलं, वास घेतला.

"हाई काय शे, भाऊ?"

मी उगाच टेप शोधायला लागलो.

"जमीन बसनी तर लोक मन्हं नाव लेतीन," ती हळूच म्हणाली. "तुन्हं नही."

तेवढ्यात तिचा मुलगा प्रशील आत आला. "काय झालं, आई?" काळं बोट अक्कानं पदराआड घेतलं. तिनं ओरडून सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, खोटंही बोललो असतो. त्या बोटापुढं मात्र लाज वाटली मला, खरंच सांगतो.

"खाली काळी माती आहे," मी म्हणालो. "मीच टाकली. अक्काचा हात नाही त्यात. काढतो सगळी."

दोन दिवस मी स्वतः उपसलं, स्वतः थर दिले, धुम्मसही मीच मारली. अक्का जोत्यावर बसून बघत होती. शेवटी सळई टोचली. दोन बोटं गेली आणि अडली. शाबासकी नाही, काही नाही.

आता मृणाली त्याच कोपऱ्यात अभ्यासाला बसते. अक्का डबा घेऊन येते तेव्हा आधी फरशीवर टाच आपटते, मग डबा ठेवते. मी तिथं असलो की दोनदा आपटते.