थोडक्यात प्रार्थना

नगरच्या मिशन शाळेत बोर्डिंगला राहायला लागले आणि मला इंग्रजी शब्दांचं वेड लागलं. आपल्याकडे माणूस ठेंगणा असतो, परकर आखूड होतो, रॉकेल कमी पडतं. इंग्रजांनी हे सगळं एकाच 'शॉर्ट'मध्ये कोंबलेलं! लढाई चालू होती. कापड शॉर्ट, साखर शॉर्ट, आणि वर्गात सगळ्यांत शॉर्ट मी. बोलणं आटोपतं घेतलं की मात्र ते 'ब्रीफ', आणि तेच तुटकपणे केलं की 'कर्ट'. 'शॉर्टली' म्हणजे लवकरच, हे कुणी ठरवलं याचा तर मला अजून उलगडा झालेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पारनेरकडच्या आमच्या गावी आले, तेव्हा आमच्या ख्रिस्ती देवळात कापणीच्या उपकारस्तुतीची उपासना होती. लोक बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या आणून पुढे ठेवत आणि माझे वडील प्रार्थना करत. ते शाळेत मास्तर, आणि उपासनाही तेच चालवत. त्यांची प्रार्थना म्हणजे मारुतीचं शेपूट. वेशीपासून सुरुवात करून ते प्रत्येक घराचं नाव घेत. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाचं पोर तापातून उठलं. लोक मागाहून हसत, पण आपलं घर येईपर्यंत कुणी जागचं हलत नसे.

त्या वर्षी नगरहून मिशनच्या एक नव्या मडम आल्या होत्या. त्यांना मराठी फारसं येत नव्हतं आणि अजून पुढच्या गावाला जायचं होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वडिलांना म्हणावं, प्रार्थना ब्रीफ करा.

"म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"थोडक्यात."

"थोडक्यात म्हंजे कुनाला गाळू?"

माझी नजर मागे गेली. तिथे ओढ्यापलीकडची मावशी बसली होती. नवरा नाही, एकुलता मुलगा लढाईवर, आणि कित्येक महिन्यांत त्याची खबर नाही. देवळात त्याचं नाव घेतलेलं ऐकायला ती एवढं चालून यायची. तिचं घर गावाच्या टोकाला, म्हणून प्रार्थनेतही शेवटी. शेपूट छाटायचं तर आधी तेच जाणार. मडमचा राग आला, आणि ब्रीफ या शब्दाचाही.

बाबा उभे राहिले, डोळे मिटले.

"देवा, आमची घरं तुला पाठ हायेत, ती आज ऱ्हाऊ दे. ओढ्यापल्याडच्या मावशीचा ल्योक कुठं हाय ते आमाला ठावं न्हाई, तुला हाय. त्याला घरी आन." त्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, "आमेन."

लोकांना आमेन म्हणायचंही सुचेना. मडम खूश होऊन उठल्या. तेवढ्यात मागून मावशी म्हणाली, "असं कसं, मास्तर? माझ्यापायी साऱ्या गावाचं ऱ्हायलं व्हय?" आणि डोळे मिटून तीच सुरू झाली, थेट वेशीपासून. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली बाई! बाबांना कधी न आठवलेल्या शेळ्यासुद्धा तिला आठवत होत्या.

"अजून किती?" मडमनी इंग्रजीत हळूच विचारलं.

"शॉर्टली," मी म्हणाले. तो शब्द एकदाचा वापरायला मिळाला म्हणून मला हसू आवरेना.

पण मावशीचं आटपेना. सगळी घरं झाल्यावर ती म्हणाली, "अन् ह्या मडमबाईंचं घर लई लांब हाय, देवा. त्यांचं बी कुनी लढाईवर आसंल. त्याला बी घरी पोचीव."

काय म्हणाली ते मडमनी विचारलं. मी जमेल तसं इंग्रजी करून सांगितलं. त्या खाली बसल्या.

"माय ब्रदर," त्या म्हणाल्या.

मी भाऊ म्हणून सांगितलं, तशी मावशीनं एक डोळा उघडला. "नाव काय त्याचं, इचार."

मी विचारलं. ते नाव मावशीच्या तोंडात बसेना. तरी तिनं ते आपल्या मुलाच्या नावाला जोडून घेतलं, आणि साऱ्या देवळानं आमेन म्हटलं.