मेकाँगवर संत्र्यांचा दलाल

"ह्यात काय आहे पाहाले?" असं म्हणून हा माणूस नाक वर करायचा आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, तीच गोष्ट आपल्याकडे याहून मोठी, गोड आणि स्वस्त कशी मिळते ते सांगत सुटायचा. आमच्या धंतोलीत नवं हॉस्पिटल उघडलं तेव्हाही हेच म्हणाला. हॉस्पिटल पाहायला कोण जातं, देव जाणे.

आमच्या शेजारचा हा संत्र्यांचा दलाल. काटोलच्या बाजारात अर्धा जन्म घालवलेला. तुमच्याही गल्लीत असा एक असेल. बघा, नक्की असेल. दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडायचं आणि बायकोच्या वतीनं आपणच उत्तर द्यायचं. मला तो कधीच आवडला नाही.

म्हणून व्हिएतनामच्या सहलीला निघालो आणि विमानतळावर तोच दिसला, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. हट्ट होता त्याच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा. त्यांचं माहेर वैनगंगेच्या काठचं, लहानपण होडीत गेलेलं. लग्न होऊन याच्या घरी आल्या आणि त्यानंतर पाणी पाहिलं ते नळाचं. आता गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. "त्याच्या आधी एकडाव होडीत बसाचं आहे मले, बाई," असं त्या विमानात मला सांगत होत्या. तेवढ्यात पलीकडून हा बोललाच, "हिले पाण्यात चक्कर येते." झालं. वहिनींनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

तरंगत्या बाजाराला पहाटे निघायचं होतं. सगळी बस भरली तरी हे महाराज खोलीत, घरून आणलेले पोहे चहाच्या किटलीतल्या पाण्यात भिजवत बसलेले. वर ओतायला झणझणीत तर्री नाही म्हणून चिडचिड! आम्ही मेकाँग नदीवर पोहोचलो तेव्हा अर्धा बाजार उठला होता.

तरी काय देखणा होता तो! भोपळ्यांनी, अननसांनी, शहाळ्यांनी भरलेल्या नावा, आणि ज्या नावेत जे विकायला आहे ते उंच बांबूला टांगलेलं. वहिनी नुसत्या पाहत होत्या. एक बाई संत्र्यांची नाव आमच्या बोटीला लावून उभी राहिली. संत्री हिरवीगार.

"कच्चा माल आणला हिनं," हा ओरडला. "काहून घ्याचा गा कोणी?"

आमच्या गाइड मुलीनं हसत एक संत्रं कापून दिलं. मधासारखं गोड. ह्यानं बिया थुंकल्या आणि म्हणाला, "ठीक आहे." ह्याच्या तोंडून ठीक आहे म्हणजे हार.

आणि मग दलालाच्या अंगात दलाल संचारला. खिशातून रुमाल काढला, हातावर पसरला आणि त्याखालून त्या बाईचा हात धरला! काटोलकडे जुन्या लोकांचे सौदे असेच व्हायचे: रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. त्या बिचारीला हे काय माहीत? परका म्हातारा वरून कापड टाकून आपली बोटं दाबतोय, एवढंच तिला कळलं. ती किंचाळली आणि तिनं वल्ह्याचा दांडा त्याच्या मनगटावर हाणला.

"अवं, भाव करून राहिलो! भाव!" हा कळवळला. आजूबाजूच्या नावा थांबल्या. गाइड मुलगी हात जोडून माफी मागत सुटली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

पण वहिनी उठल्या, वाकून त्या बाईसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. बाई शांत झाली, त्यांच्या ओंजळीत दोन संत्री ठेवून निघून गेली. वहिनी परत येऊन बसल्या त्या नवऱ्यापासून लांब, माझ्या शेजारी.

दुपारी खेड्यात गेलो. अरुंद कालवा, दोन्ही बाजूंनी माडासारखी झाडं, चौघांपुरत्या लहान होड्या. गाइडनं बसणाऱ्यांना पुढं बोलावलं. मार खाऊनही ह्याची जीभ शाबूत. "ही नाही बसत. हिले चक्कर येते."

"चक्कर मले नाही येत," वहिनी म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकलं. "ह्यायले येते. पाण्याले हेच भेतात. अन् एवढे वर्षं नाव माह्यं सांगून राहिले."

त्याचं तोंड उतरलं. आणि मला सकाळचं आठवलं: रुमालाखाली भाव करतानासुद्धा ह्यानं दुसऱ्या हातानं धरलेला बोटीचा खांब सोडला नव्हता. म्हणजे एका बाईचं सगळं आयुष्य ह्या भित्र्यानं कोरडं ठेवलं! माझ्या ओठांवर शिवी आली होती.

तो मात्र खाली बसला. वहिनींच्या चपला त्यानं स्वतः काढल्या. त्यांचे गुडघे वाकेनात, म्हणून काठाच्या अगदी टोकाला पाय रोवून त्यांना खांदा दिला. खालचं पाणी दिसू नये म्हणून त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते. वहिनी होडीत बसेपर्यंत तो तसाच उभा होता.

मी त्यांच्या मागे बसले. थोडं पुढं गेल्यावर वहिनींनी होडीवाल्या बाईला खूण केली, तिनं हसून वल्हं दिलं, आणि होडी सरसर निघाली. मागं पाहिलं तर हा बायकोच्या चपला छातीशी धरून काठाकाठानं धावत होता.

"अवं, हळू वं! हळू!"

पुढं पायवाट संपली. तो तिथंच थांबला.

वहिनींनी वळून पाहिलं नाही. त्या वल्हवत होत्या.