वासराची मान

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बाग समिती आहे. बाग म्हणजे पार्किंगला जागा काढून उरलेला तुकडा, समिती मात्र पूर्ण आकाराची. मी तिच्यात शिरले ती गुलाबांसाठी. गुलाब काही जगले नाहीत, किस्से मात्र साचत गेले. चार माणसं एका कोपऱ्यात नियमित भेटू लागली की दुसरं काही उगवत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्यातले बरेचसे किस्से सिमेंटच्या गाय-वासराचे. बिल्डरने कारंजं कबूल केलं होतं, दिली गाय. मागचा गोठा पाडून तिथं बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा वसुबारसेला पूजा कुठे करायची हा प्रश्न आला. तिसऱ्या मजल्यावरच्या आपटेकाकू सरळ तबक घेऊन बागेत उतरल्या. "वासराची गाय असली की झालं," म्हणाल्या. पुढच्या वर्षी तिथं रांग लागली.

*

गणपती नुकतेच गेले होते. आपटेकाकांनी गाडी रिव्हर्स घेताना वासराला मागून ठोकलं. मुंडकं तुटून कुंडीपाशी पडलं, मानेतून गंजलेली सळई बाहेर आली.

दुसरा कुणी असता तर वर जाऊन बायकोला सांगितलं असतं. काका अकाउंट्समधून रिटायर झालेले. आधी दुरुस्ती, मग माहिती, असा त्यांचा हिशेब. मुंडकं त्यांनी पेपरात गुंडाळून डिकीत ठेवलं आणि ते शांतपणे भाजी आणायला गेले.

भाजीची पिशवी घ्यायला डिकी उघडली काकूंनी.

*

त्या दिवसापासून काकूंनी अबोला धरला. ओरडणं नाही, रडणं नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर, फक्त शब्द बंद. काका समोर बसलेले असताना काकू मला फोन करायच्या आणि "यांना सांग, पानं घेतलीत" म्हणायच्या. मी काकांना फोन लावून सांगायचे. काका म्हणायचे, "हो, ऐकू आलं."

अट एकच होती, तीही माझ्यामार्फत पोचली. वसुबारसेला वासरू त्याच्या मानेसकट गाईजवळ उभं पाहिजे. नाहीतर पूजा नाही, आणि बोलणंही नाही.

आपट्यांना मूलबाळ नाही. वसुबारस बायका मुलांसाठी करतात. काकू तरीही दरवर्षी न चुकता करतात. का, ते सोसायटीत कुणी विचारलेलं नाही. पुण्यात तेवढा सभ्यपणा अजून शिल्लक आहे.

*

मीटिंग झाली. आमचे सेक्रेटरी देशमुख म्हणाले, हे काढून टाकू आणि फायबरचं हरीण बसवू, मेन्टेनन्स नाही. कुणीतरी मुद्दा काढला की वासरू आता खंडित झालं, खंडित मूर्ती पुजत नाहीत, विसर्जन करावं लागेल. मग सिमेंट पाण्यात विरघळतं का यावर बराच वेळ चर्चा झाली.

काकू मागच्या खुर्चीवर होत्या. त्या उठल्या.

"देशमुख, मागच्या वर्षी तुमचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आम्ही तुम्हाला विसर्जित केलं का?"

ठराव दुरुस्तीचा झाला. देशमुखांनीच अनुमोदन दिलं.

*

पहिली दुरुस्ती काकांनी स्वतः केली. व्हिडिओ पाहून, चष्मा कपाळावर ठेवून, कसल्याशा गोंदाने. सकाळी मुंडकं गवतात पडलेलं.

दुसऱ्या वेळी सिमेंट आणलं. सिमेंटला पाणी मारत राहावं लागतं, म्हणून काकांनी वासराच्या मानेला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन खाली यायला लागले. येणारे-जाणारे थांबून "ताप उतरला का?" म्हणून विचारायचे. काकाही गंभीरपणे "आज बरा आहे" म्हणायचे.

पण माणूस हिशेबातला. टॅली झालं की नाही ते पाहिल्याशिवाय झोप नाही. दर फेरीला ते मुंडकं दोन्ही हातांनी धरून जरा हलवून बघायचे, धरलं का म्हणून. चौथ्या दिवशी ते त्यांच्या हातातच आलं. गॅलरीत काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी पाहिलं आणि टॉवेल झटकला. त्या संध्याकाळी काका बाकावर एकटेच बसून होते, मांडीवर ते मुंडकं घेऊन. मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

*

मग मी त्यांना धायरीला पोपटरावांकडे नेलं. सिमेंटचे ससे, बगळे, मशरूम बनवतात. वासरू टेम्पोतून गेलं, मुंडकं काकांच्या मांडीवर. पोपटरावांनी गंज घासून काढला, नवी सळई घातली आणि दुरुस्ती होईपर्यंत काकांना शेडमध्ये यायला बंदी केली.

वासरू परत आलं ते काळं-पांढरं, ठिपक्याठिपक्यांचं. पोपटरावांनी खूश होऊन विलायती होल्स्टीन गाईचा रंग दिला होता!

"आमच्याकडं समदी अशीच हायेत," ते फोनवर म्हणाले. "दूध जास्त देत्यात."

सिमेंटची गाय देशी, तिला असलं वासरू कसं, यावर समितीत दोन तट पडले. काकांनी कुणाचंच ऐकलं नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी गाईसारख्याच तांबड्या रंगाचा डबा घेऊन बसले आणि एकेक ठिपका बुजवला. मानेजवळ मात्र ब्रश नेला नाही, लांबूनच रंग उडवला. हात लावायची भीती वाटते, म्हणाले.

*

वसुबारसेला दिवेलागणीच्या सुमाराला आम्ही सगळ्या बागेत जमलो. काका खांबाआड उभे होते, हातातल्या रंगाच्या फडक्यासकट. पूजा आधी कुणी करायची हे विचारायचा प्रश्नच नव्हता.

काकूंनी गाईचे पाय धुतले, हळदकुंकू वाहिलं, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी पुढे ठेवली. मग वासराकडे वळल्या. मानेवर जोड दिसत होता, रंगही तिथं विरळ होता. त्यांनी त्या जोडावरून बोट फिरवलं, एकदा, सावकाश. त्यांना गुडघ्यांचा त्रास, तरी त्या वासरासमोर खाली बसल्या.

आणि मान न वळवता म्हणाल्या, "अहो, पुढे या. तुम्हाला घाबरतंय का ते बघू दे मला."

इतक्या दिवसांत काकांशी बोललेला त्यांचा पहिला शब्द. काका आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतरासारखी लटकणारी पँट सावरत काकूंच्या शेजारी गवतात बसला. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा केला आणि अगदी हलकेच वासराच्या कपाळावर ठेवला.

काकू बराच वेळ वासराच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"नाही घाबरत," म्हणाल्या.