आजी ‘जाते’ म्हणत नाही

कुंदा गेली त्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी, तिच्या मालिकेचा भाग संपल्यावर वाहिनीने एक काळी पाटी दाखवली. ‘आमचे लेखक कुंदन...’ आडनाव तेवढं बरोबर होतं. ‘...यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ डोळे पुसायला उचललेला पदर माझ्या हातात तसाच राहिला. कुंदन! चार वर्षं जिच्या वाक्यांवर यांचं दुकान चाललं, ती बाई होती की बुवा एवढंही यांना ठाऊक नव्हतं. पाटी वाचून होते न होते तोच केसांच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, ऱ्हस्व-दीर्घासाठी पोरांच्या वह्या लाल केल्या, पण कुठल्या चुकीचा इतका संताप आला नव्हता. अजूनही तो उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

कुंदा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. नाशकात, इंदिरानगरमध्ये दोन खोल्यांत एकटी राहायची आणि रोजच्या मालिकेचे संवाद लिहायची. शूटिंग गंगापूर रोडच्या पुढे एका बंगल्यात चालायचं. त्या मालिकेतली आजी घराघरात लाडकी होती, आणि ती आजी कुंदाने भाजीबाजारातून उचलली होती हे फक्त मला माहीत. मखमलाबादहून हिराबाई मेथी-शेपू घेऊन यायच्या. कुंदा सकाळी मला ओढत तिथे न्यायची आणि एका जुडीसाठी अर्धा तास घालवायची. मला वाटायचं, ही घासाघीस करतेय. ती ऐकत असायची. घरी आल्यावर भाजी निवडता निवडता एकेक वाक्य मोठ्यांदा म्हणून बघायची. तोंडात बसलं तरच कागदावर उतरायचं. एक नियम मात्र पक्का होता. आजी घरातून निघताना ‘जाते’ म्हणणार नाही, ‘येते’च म्हणेल. एकदा मी मास्तरकी केली. म्हटलं, “अगं, ती काशीला चाललीय, महिन्याने उगवणार. येते कसलं?” कुंदाने मेथीची काडी माझ्यावर उगारली. “म्हणूनच येते म्हणायचं. लांब जाणाऱ्याने तर नक्कीच.”

मग मालिकांचं शीर्षकगीत छोटं झालं आणि त्यात पहिली कात्री लेखकांच्या नावांना लागली. कपडे कुठल्या दुकानाचे ते दिसायचं, दागिने कोणाचे ते दिसायचं. शब्द कोणाचे ते दिसेनासं झालं. संवादलेखकांनी एकजुटीने काम थांबवलं. मागणी साधी होती... रोज, वाचता येईल असं नाव दाखवा, आणि आम्हाला न विचारता वाक्यं बदलू नका. नाशकातून कुंदा त्यांच्यात होती. पहिले काही दिवस वाहिनीने जुने भाग दाखवले, मग ‘आजीच्या आठवणी’ म्हणून त्याच भागांचे तुकडे शिळ्या कढीसारखे उकळून दाखवले. तिच्या सोसायटीतल्या बायका कुंदाला जिन्यात अडवून विचारायच्या, “ताई, लग्नाचं पुढे काय होतं ते आम्हाला तरी सांगा ना!” तिने लिहिणं का थांबवलं, हे एकीनेही विचारलं नाही. एक दिवस सेटवरची मेकअपवाली रेखा घरी येऊन रडली, “ताई, तुमच्या नावापायी आम्ही सगळे घरी बसलोय.” कुंदाने रेखाला चहा दिला, आणि स्वतःचा कप तसाच गार होऊ दिला. रेखा गेल्यावर मी शहाणी बोलले, “घे ना मिटवून. नावाचं काय लोणचं घालायचंय तुला?” कुंदा म्हणाली, “दारात आलेल्या पाहुण्यालाही नाव विचारतात गं. मी चार वर्षं रोज लोकांच्या घरात आहे.” त्या वाहिनीचा मला राग आहेच, पण माझ्या त्या लोणच्याचाही आहे.

महिनाभराने नवे भाग सुरू झाले. कोणीतरी ऑफिसात बसून हिंदीतून उतरवलेले. आजी नातीला म्हणाली, “माझी मदत कर.” मी टीव्हीवर ओरडले, “मला मदत कर! मला!” आणि पुढच्याच प्रसंगात आजीने उंबऱ्यावर उभं राहून, चष्मा सारखा करत सांगितलं, “मी जाते.” दुसऱ्या दिवशी बाजारात आमच्या आधी हिराबाईच पेटलेल्या. “काल आमची आजी ‘जाते’ म्हन्ली! अशी घरातून निघताना! तिच्या जिवाचं काय बरंवाईट करायचं हाय का त्यांना? नाय, आता नाय बघायची मी.” कुंदाचा चेहरा असा फुलला की तिने चक्क भाव न करता दोन जुड्या घेतल्या. वाटेत मी म्हटलं, “वाहिनीशी नावासाठी भांडतेस, आणि हिला सांगत नाहीस आजी कोणाची ते?” तर म्हणते कशी, “सांगितलं तर ती माझ्यासमोर जपून बोलायला लागेल. मग आजीने कोणासारखं बोलायचं?”

प्रेक्षक हळूहळू सटकले तेव्हा वाहिनी वाटाघाटीला बसली. जे मिळालं ते ऐका. नाव दाखवणार, पण भागाच्या शेवटी, तळाच्या पट्टीत, आणि वरून पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात. पहिल्या दिवशी कुंदाने मला मुद्दाम बोलावलं. पट्टी सर्रकन निघून गेली. “दिसलं?” तिने विचारलं. मी हो म्हणाले. खोटं बोलले. ती हसली, “बरीच आहेस. मला नाही दिसलं.” तरी दुसऱ्या दिवसापासून ती लिहायला बसली, आणि आजी पुन्हा ‘येते’ म्हणू लागली. पुढे दोन महिन्यांत तिच्या हृदयाने दगा दिला. हॉस्पिटलमध्येही तिला घोर एकच, “माझी आजी आता कोणाच्या हातात दिलीय?” कोणाच्या हातात ते त्या काळ्या पाटीने दाखवलं. मी वाहिनीला पत्र लिहिलं, चूक दाखवली. उत्तर आलं, ‘आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. असेच पाहत राहा.’

तिच्या भाच्याने घर आवरताना मला काही हवंय का विचारलं, तेव्हा मी दारामागच्या खुंटीवरची भाजीची कापडी पिशवी मागून घेतली. परवा तीच घेऊन बाजारात गेले. हिराबाईंनी आधी पिशवी ओळखली. “आन् त्या बाई? लय दिस झालं दिसल्या नाय.” मी सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग मला राहवलं नाही. म्हटलं, “ती टीव्हीतली आजी... त्याच लिहायच्या.”

“लिवायच्या? आजी तिचं तिचं बोलत नव्हती?”

“नाही. त्या तुमचं बोलणं ऐकून लिहायच्या. ते ‘येते’सुद्धा.”

हिराबाई जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या, ते थांबलं. त्यांनी विचारलं, “नाव काय व्हतं वो त्यांचं?”

चार वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. “कुंदा,” मी म्हणाले.

“कुंदा,” त्या म्हणाल्या. अगदी बरोबर म्हणाल्या. मेथीची एक जुडी त्यांनी स्वतःच पिशवीत ठेवली. डोळ्यांतलं पाणी बाजारात दिसू नये म्हणून मी घाईने वळले. “बरं, जाते मी.”

हिराबाईंनी पिशवीचा बंद धरून ठेवला.

“येते म्हना, बाई.”

“येते,” मी म्हणाले. तेव्हा त्यांनी बंद सोडला.