मोराचं कुंपण

सिंदेवाहीजवळच्या आमच्या घराला लोखंडी कुंपण करायचं ठरलं आणि घरातली शांतता गेली. मला साधे उभे गज हवे होते, बायकोला मोर. वेल्डिंगवाल्याच्या मोबाईलवरचे मोर पाहून पाहून दोन महिने माझं डोकं उठलं. कधी पिसारा तिला आवडेना, कधी मान. शेवटी एकदाचे मोर लागले, त्यांना सोनेरी रंगही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर रानडुकरं येऊ नयेत म्हणून धानाच्या शेतातल्या बांधीभोवती बांधतात तशा जुन्या साड्या मायनं सगळ्या कुंपणाला गुंडाळलेल्या!

"काऊन झाकलं हे?" मी ओरडलोच.

"डुकरं का मोर पाहून वापस जातीन? माहे रताळे खाऊन टाकतीन," माय म्हणाली.

मी तणतणत साऱ्या साड्या सोडून फेकल्या. बायकोही पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलली.

तिसऱ्या दिवशी अंगणातला मायचा रताळ्याचा वाफा नांगरल्यासारखा उकरलेला. डुकरं मोरांच्या पायांखालच्या फटीतून शिरली होती.

माय मी फेकलेल्या साड्या गोळा करू लागली. बायकोच आतून स्वतःची जुनी साडी घेऊन आली.

"घ्या, बांधा," ती मायला म्हणाली, "पण मोराचं तोंड तेवढं उघडं राहू द्या जी."